व्होल्टेज चढतं, करंट उतरतो

एका छोट्या बीकरमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइडचं फिकट पिवळं द्रावण आहे, जेमतेम दहा मिलिलिटर. त्यात तीन इलेक्ट्रोड बुडवलेत आणि त्यांच्या वायरी टेबलावरच्या एका यंत्राला जोडल्यात. यंत्राला सांगितलेलं काम अगदी साधं आहे. व्होल्टेज शून्यापासून 0.6 व्होल्टपर्यंत सेकंदाला 0.1 व्होल्ट या चालीने चढवायचं आणि तिथून त्याच चालीने खाली आणायचं. सहा सेकंद वर, सहा सेकंद खाली. स्क्रीनवर आडव्या अक्षावर व्होल्टेज आहे, उभ्या अक्षावर करंट. सुरुवातीला रेघ जवळजवळ सपाट सरकते. पाव व्होल्ट जवळ आलं की ती उसळते, भराभर चढते, शिखर गाठते आणि मग उतरायला लागते. व्होल्टेज मात्र अजून चढतंच आहे.

शाळेत ओहमचा नियम घोटलेल्या कुणालाही इथे थबकावंसं वाटेल. रेटा वाढतोय आणि प्रवाह घटतोय. वायर सुटलेली नाही, यंत्र बिघडलेलं नाही. फेरोसायनाइड संपलं म्हणावं, तर तेही नाही. हिशेब केला तर चढत्या सहा सेकंदांत बीकरमधल्या पंचवीस-तीस हजार आयनांपैकी फार तर एकात बदल झालेला असतो. माल भरपूर आहे, ओढही वाढते आहे, आणि तरीही करंट पडतो.

या प्रयोगाला सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणतात. प्रयोगशाळेत इतकं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘सीव्ही’ म्हणतात. नवा रेणू बनला, बॅटरीसाठी नवा पदार्थ तयार झाला, सेन्सरवर नवा थर चढवला, की पहिलं वाक्य येतं, ‘आधी सीव्ही काढून बघ.’ कारण ही बारा सेकंदांची रेघ त्या पदार्थाबद्दल जितकं सांगते, तितकं इतक्या कमी कष्टात सांगणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही. आणि ते सगळं सांगणं त्या उतरणाऱ्या करंटपासून सुरू होतं.

मुख्य इलेक्ट्रोड म्हणजे ग्लासी कार्बनची तीन मिलिमीटर व्यासाची चकती, प्लास्टिकच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली. काळी कुळकुळीत, आणि नीट घासली तर चेहरा दिसेल इतकी चकचकीत. हे घासणं हा प्रयोगातला खरा मेहनतीचा भाग. ओल्या कापडी पॅडवर ॲल्युमिनाची पांढरी पूड घ्यायची, शेवटच्या हाताला 0.05 मायक्रॉनची, आणि दांडा उभा धरून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायचं. एकाच दिशेने घासलं तर चकती एका बाजूला झिजते. बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी तेलकट थर बसतो आणि शिखर बोथट होतं. विद्यार्थी पहिले काही दिवस रसायनशास्त्र कमी आणि पॉलिशकाम जास्त शिकतात, आणि ते योग्यच आहे. कारण पुढचं सगळं नाट्य या सात चौरस मिलिमीटरच्या पृष्ठभागावर घडणार असतं.

चकतीसमोर घडतं ते असं. फेरोसायनाइड आयनाच्या मधोमध लोखंडाचा अणू असतो आणि त्याला सहा सायनाइड गटांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं. इतकं घट्ट, की सायनाइडचं नाव घेऊन घाबरायचं कारण नाही. मिठाचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून अनेक देशांत हाच क्षार खाण्याच्या मिठात किंचित घालतात. (तीव्र आम्लात मात्र तो कधीच टाकू नये.) चकतीचं व्होल्टेज पुरेसं वाढलं की ती या आयनातून एक इलेक्ट्रॉन काढून घेते. फेरोसायनाइडचं फेरिसायनाइड होतं. बाकी काही तुटत नाही, काही जोडलं जात नाही. असे काढलेले इलेक्ट्रॉन वायरीतून वाहतात, आणि आपण करंट म्हणून मोजतो ते तेच.

किती व्होल्टेजला किती आयनांनी इलेक्ट्रॉन दिलेला असेल, याचा नियम वाल्टर नर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडला. पाव व्होल्टच्या आसपास एक बिंदू असा येतो, की चकतीला चिकटून असलेल्या द्रावणात अर्धं फेरो आणि अर्धं फेरि असतं. तिथून आणखी 59 मिलिव्होल्ट वर गेलं की प्रमाण दहास एक होतं. आणखी 59 वर गेलं की शंभरास एक. म्हणजे दीड-दोन दशांश व्होल्टच्या आत चकतीला लागून असलेलं फेरोसायनाइड जवळजवळ नाहीसं होतं. पुढे कितीही जोर लावला तरी तिथे इलेक्ट्रॉन द्यायला कुणी उरलेलंच नसतं. जे नवं येईल ते दुरून चालत यायला हवं.

उन्हाळ्यातल्या विहिरीवर मोठी मोटर बसवली की हेच होतं. साठलेलं पाणी असेपर्यंत धार जोरात पडते. मग मोटर कितीही अश्वशक्तीची असो, झरे पाझरतील तेवढंच पाणी. बीकरमधला झरा म्हणजे विसरण: रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत आयनांनी चकतीपर्यंत पोचणं. म्हणूनच प्रयोगात द्रावण ढवळायचं नसतं, टेबलाला धक्का लावायचा नसतो. म्हणूनच द्रावणात एक मोलर पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, फेरोसायनाइडच्या हजारपट. ते भोवतालचं विद्युत्क्षेत्र झाकून टाकतं. फेरोसायनाइडला ओढणारं कुणी उरत नाही, त्याला फक्त भरकटता येतं.

भरकटण्याचा हिशेब विचित्र आहे. दुप्पट अंतर कापायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. पाच सेकंदांत फेरोसायनाइडचा आयन सरासरी साठ मायक्रॉनच्या आसपास सरकतो, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीइतकं अंतर. चकतीसमोर तयार झालेला उपाशी पट्टाही तेवढाच जाड असतो, आणि दर क्षणाला तो बाहेरच्या बाजूला वाढत जातो. पट्टा जितका रुंद तितका दूरचा प्रवास, तितका कमी करंट. शिखरानंतरची उतरण म्हणजे हा रुंदावणारा पट्टा आहे. आपण मोजतो करंट, पण वाचतो अंतर आणि वेळ. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा त्या रेघेकडे बघण्याची माझी नजरच बदलली. डोळ्यांना न दिसणाऱ्या केसभर जागेत काय चाललंय, ते कागदावर उतरत होतं.

आकड्यांत सांगायचं तर, एक मिलिमोलर द्रावण आणि ही तीन मिलिमीटरची चकती घेतली तर शिखराची उंची सुमारे 15 मायक्रोॲम्पिअर येते. चार्जरवरचा छोटा एलईडी पेटायला लागतो त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतका करंट. तरी त्या सहा सेकंदांत इलेक्ट्रॉन देणारे आयन मोजले तर ते दोन कोटी गुणिले एक कोटी भरतात.

उरलेल्या दोन इलेक्ट्रोडचंही सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय वरचा एकही आकडा विश्वासाचा नाही. एकट्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज मोजताच येत नाही; मोजता येतो तो दोन ठिकाणांमधला फरक. म्हणून एक संदर्भ लागतो, जो स्वतः हलणार नाही. सिल्व्हर क्लोराइडचा लेप असलेली चांदीची तार पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवली तर तिचं व्होल्टेज दीर्घकाळ जागचं ढळत नाही, अट एकच, तिच्यातून करंट वाहू द्यायचा नाही. मग करंट वाहणार कुठून? त्यासाठी तिसरा इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची साधी तार. चांदीच्या तारेकडे पाहत राहायचं आणि प्लॅटिनमच्या तारेतून हवा तेवढा करंट ढकलत कार्बनच्या चकतीचं व्होल्टेज ठरल्या रेषेवर ठेवायचं, हे काम करणारं यंत्र म्हणजे पोटेन्शिओस्टॅट. ब्रिटनमधल्या आर्ची हिकलिंग यांनी 1942 मध्ये ते बांधलं आणि हे नावही त्यांनीच दिलं.

चकतीच्या अगदी पृष्ठभागावरची एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण लावलेलं अर्धं-पाऊण व्होल्ट द्रावणभर पसरत नाही. ते जवळजवळ सगळं चकतीला चिकटलेल्या एखाद्या नॅनोमीटरच्या थरात कोसळतं. त्या थरातलं विद्युत्क्षेत्र काढलं तर मिलिमीटरला काही लाख व्होल्ट निघतं. हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट पुरतात. म्हणजे पेन्सिल सेलच्या निम्म्याहून कमी व्होल्टेजमध्ये, टेबलावरच्या शांत बीकरात, ठिणगीच्या शंभरपट तीव्रतेचं क्षेत्र उभं असतं, आणि आयन त्याच्या तोंडाशी येऊन इलेक्ट्रॉन देऊन जातो.

आता परतीचा प्रवास. व्होल्टेज 0.6 ला पोचून वळतं. चकतीसमोर केसभर पट्ट्यात आत्ताच तयार झालेलं फेरिसायनाइड घुटमळत असतं. काही बाहेर भरकटून गेलेलं, बरंचसं अजून जवळ. व्होल्टेज पाव व्होल्टजवळ उतरलं की चकती उलटी वागते, ती इलेक्ट्रॉन परत देऊ लागते. करंटची दिशा उलटते, रेघ अक्षाच्या खाली जाते, तिथेही एक शिखर करते, आणि त्याच कारणाने पुन्हा विरते. वरचं आणि खालचं शिखर एकाखाली एक येत नाहीत, दोघांत थोडं अंतर राहतं. अभिक्रिया चपळ असेल आणि एकच इलेक्ट्रॉन ये-जा करत असेल, तर 25 अंश सेल्सिअसला हे अंतर 57 मिलिव्होल्ट असतं. रेणू कोणता, चकती कशाची, द्रावण किती दाट, कशानेही ते बदलत नाही. इलेक्ट्रॉन दोन असतील आणि दोन्ही एकदम जात असतील तर ते बरोबर निम्मं होतं. प्रत्यक्षात द्रावणाच्या रोधामुळे 60-70 मिळतात, पण ओळख पटते. कागदावर पट्टी ठेवून दोन शिखरांमधलं अंतर मोजायचं आणि एका रेणूने किती इलेक्ट्रॉन दिले ते सांगायचं! दोन शिखरांच्या बरोबर मध्ये जे व्होल्टेज येतं, ते त्या रेणूची कायमची खूण.

या साऱ्याची सुरुवात पाऱ्याच्या थेंबापासून झाली. प्रागमध्ये 10 फेब्रुवारी 1922 रोजी यारोस्लाव हेरोव्स्की यांनी काचेच्या बारीक नळीतून थेंब थेंब गळणाऱ्या पाऱ्याला इलेक्ट्रोड केलं आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत करंट टिपला. त्या पद्धतीला पोलॅरोग्राफी म्हणतात आणि तिच्यासाठी त्यांना 1959 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या आलेखात मात्र शिखर नसायचं. करंट पायरीसारखा चढायचा आणि वर सपाट राहायचा. कारण पाऱ्याचा थेंब दर काही सेकंदांनी सुटून पडतो, जाताना द्रावण हलवतो आणि नवा थेंब ताज्या द्रावणात जन्मतो. उपाशी पट्टा रुंदावायला वेळच मिळत नाही.

शिखर दिसायला व्होल्टेज एका थेंबाच्या आयुष्यात वर न्यायला हवं होतं, आणि ते टिपायला ऑसिलोस्कोपसारखं चपळ यंत्र हवं होतं. 1948 मध्ये दोन ठिकाणी हे गणित सुटलं: इंग्लंडमधून जॉन रँडल्स आणि प्रागमधून ऑगस्टिन शेव्चिक, एकाच वर्षी, स्वतंत्रपणे. शेव्चिक यांनी तर त्रिकोणी लाटेसारखं वर-खाली जाणारं व्होल्टेजच वापरलं होतं. दोघांच्या सूत्रांतले गुणक तंतोतंत जुळले नाहीत, 2.69 लाख हा आजचा गुणक पुढच्या काटेकोर आकडेमोडीतून आला. सूत्राचा गाभा मात्र दोघांचाही एकच: शिखराची उंची व्होल्टेजच्या चालीच्या वर्गमुळावर ठरते. चाल चौपट केली की शिखर दुप्पट होतं. का, ते आता उघड आहे. वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो, भरकटण्याच्या विचित्र हिशेबाने उपाशी पट्टा निम्मा जाड राहतो, आणि प्रवासाचं अंतर निम्मं झालं की करंट दुप्पट.

पण माझ्या मते या पद्धतीचं खरं सामर्थ्य 1964 मध्ये समोर आलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड निकल्सन आणि आयर्व्हिंग शेन यांनी एक प्रश्न विचारला: इलेक्ट्रॉन गेल्यावर रेणू तसाच राहिला नाही, तर? तो तुटला, पाण्याशी जोडला गेला, दुसऱ्या रेणूला चिकटला, तर परतीची रेघ कशी दिसेल? त्यांनी एकेका शक्यतेसाठी संगणकाने आलेख मोजून काढले. तेव्हापासून चाल हे घड्याळ झालं. चालीवरून ठरतं, की इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूला आपण किती वेळाने परत गाठणार.

आवळ्यातलं किंवा लिंबातलं क जीवनसत्त्व घ्या. जाताना त्याचं शिखर ठळक येतं, एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन. परतताना? काहीच नाही. रेघ सपाट. इलेक्ट्रॉन गेल्यावर जो रेणू उरतो तो पाण्याशी लगेच जोडला जातो, सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात, आणि मग तो इलेक्ट्रॉन परत घेण्याच्या अवस्थेत राहत नाही. आपण तीन-चार सेकंदांनी परत येतो, तोवर तिथे कुणी ओळखीचं उरलेलंच नसतं. न दिसणारं शिखरही इथे माहिती देतं. चाल वाढवत न्यायची आणि परतीचं शिखर कधी उगवतं ते बघायचं. ज्या चालीला ते उगवतं, ती चाल त्या अल्पजीवी रेणूचं आयुष्य सांगते.

आणि चाल केवढ्या पट्ट्यात बदलता येते! लिथियम बॅटरीचा पदार्थ तपासताना सेकंदाला 0.1 मिलिव्होल्ट इतकी सावकाश चाल ठेवतात, कारण घन पदार्थाच्या आत लिथियमला शिरायला वेळ लागतो. दोन व्होल्ट चढायला साडेपाच तास जातात. दुसऱ्या टोकाला, पॅरिसमध्ये क्रिस्तियान आमातोर आणि सहकाऱ्यांनी केसाहून कितीतरी बारीक इलेक्ट्रोड वापरून सेकंदाला दहा लाख व्होल्टच्या पुढची चाल गाठली. त्या चालीत एक व्होल्ट चढायला एक मायक्रोसेकंद पुरतो आणि उपाशी पट्टा तीस-एक नॅनोमीटरचा उरतो. दोन टोकांमध्ये हजार कोटींची पट, आणि पद्धत तीच.

जाऊन परत येणाऱ्या रेणूची ही पारख सर्वांत नाजूक ठिकाणी उपयोगी पडली ती मेंदूत. डोपामिन हा मेंदूतला निरोप्या रेणू कार्बनच्या इलेक्ट्रोडवर सहज दोन इलेक्ट्रॉन देतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांनी 1973 मध्ये उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून व्होल्टॅमेट्री केली. शिखर मिळालं, पण ते बहुतांशी क जीवनसत्त्वाचं निघालं. मेंदूत ते डोपामिनपेक्षा हजारो पटींनी जास्त असतं आणि जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतं. नुसत्या जाण्याच्या शिखरावरून दोघांना वेगळं करणं अवघडच होतं.

उपाय वेगात सापडला. मार्क वाइटमन आणि इतरांनी पुढच्या काळात सात मायक्रॉन जाडीचा एकच कार्बन तंतू इलेक्ट्रोड म्हणून वापरला आणि चाल सेकंदाला 400 व्होल्टवर नेली. उणे 0.4 पासून अधिक 1.3 व्होल्टपर्यंत जाऊन परत यायला साडेआठ मिलिसेकंद लागतात. असा त्रिकोण सेकंदाला दहा वेळा. एवढ्या घाईत क जीवनसत्त्व नीट शिखरच करू शकत नाही, आणि डोपामिनचं मात्र 0.6 व्होल्टजवळ जातानाचं शिखर येतं आणि परततानाचंही. मधल्या नव्वद-एक मिलिसेकंदांत तंतू उणे 0.4 वर थांबून असतो. डोपामिनवर धन प्रभार असतो, तो तंतूवर येऊन साठतो. क जीवनसत्त्वावर ऋण प्रभार, ते दूर ढकललं जातं. विश्रांतीची वेळही निवड करण्यात जाते. इतक्या वेगात तंतूला चिकटलेल्या थराला नुसतं भारित करण्यातच डोपामिनच्या करंटपेक्षा कितीतरी मोठा करंट वाहतो, म्हणून आधीच्या क्षणाची रेघ नंतरच्या रेघेतून वजा करतात, आणि उरलेल्या बारीक फरकात डोपामिन दिसतं.

2011 मध्ये केनेथ किशिडा, रीड मॉन्टॅग्यू आणि सहकाऱ्यांनी हे मोजमाप जाग्या माणसाच्या मेंदूत केल्याचं प्रसिद्ध केलं. पार्किन्सनच्या रुग्णांवर मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया होते, तेव्हा रुग्ण अनेकदा शुद्धीवर असतो. त्या वेळात, त्याच्या संमतीने, कार्बनचा तंतू आत ठेवला आणि त्याला पडद्यावर गुंतवणुकीचा एक खेळ खेळायला दिला. बाजार वर गेला, खाली गेला, त्याने पैसे लावले, आणि सेकंदाला दहा त्रिकोणांनी त्याच क्षणांतलं डोपामिन टिपलं. 2020 मध्ये याच धाटणीच्या कामात डोपामिनसोबत सेरोटोनिनही वेगळं मोजलं गेलं. त्या दोघांची शिखरं इतकी जवळ येतात की नुसत्या उंचीवरून काही कळत नाही. म्हणून संगणकाला संपूर्ण रेघेचा आकार शिकवतात, चढण, शिखर, उतरण आणि परतीची वाट, सगळं मिळून.